लाल मेपलचा आळ

बावीस वर्षं त्या दवाखान्याची बाग सांभाळणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. मधल्या चौकातला लाल जपानी मेपल तिने स्वतःच्या हाताने लावलेला. कमरेएवढी उंची, पानं जाळीसारखी चिरलेली. दुपारच्या उन्हाने त्या पानांच्या कडा करपतात, म्हणून झाडासाठी तिने भिंतीच्या सावलीतली जागा हट्टाने मागून घेतली होती.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती चार महिने घरी होती. परत कामावर आली त्या दिवशी फाटकाजवळच्या फलकावर नोटीस लागलेली. ‘मौल्यवान झाडाच्या अदलाबदलीबाबत चौकशी.’ खाली तिचा हुद्दा.

व्यवस्थापकाने तिला चौकात नेलं. “बघा. लाल झाड होतं, आता हिरवं आहे. झाड काय रंग बदलतं? अस्सल झाड कुठे गेलं?”

ताईच्या कानांतून वाफा निघाल्या. बाकावरचे पेशंट माना वळवून बघत होते.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कुलपं दुरुस्त करायचा. “अख्खं झाड घरी आणलंस आणि मला दिसलं नाही? ठेवलंस कुठे, कपाटात?”

“थट्टा सुचतेय तुम्हाला! चोर ठरवलंय मला, दोनशे माणसांसमोर!”

त्याने हातातलं कुलूप बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “कुलूप का अडलं ते मी उघडून बघतो. तूही बघ.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच खुरपं घेऊन चौकात बसली. बुंध्याभोवती कुणीतरी वीतभर माती चढवली होती. ती उकरताच तिला सगळा प्रकार कळला. तिने व्यवस्थापकाला बोलावणं धाडलं, आणि तो येईपर्यंत जागची हलली नाही.

“वाका जरा, साहेब. ही गाठ दिसते? इथे कलम बांधलंय. गाठीखालचं मूळ साध्या हिरव्या मेपलचं, वरचं झाड लाल. मी नसताना तुमच्या कंत्राटदाराच्या माणसांनी झाडाला चेंडूचा आकार द्यायला यंत्र फिरवलं. लाल फांद्या बुडापासून छाटल्या. मग खालच्या मुळाला मोकळं रान मिळालं. हे सगळे हिरवे फुटवे गाठीच्या खालून आलेत, मोजून बघा.”

तिने दोन पानं त्याच्या तळहातावर ठेवली. एक हिरवं, उघडलेल्या पंजासारखं, सात बोटांचं. दुसरं लाल, देठापर्यंत चिरलेलं, दोऱ्यांसारखं. गाठीच्या वर अजून एक काडी जिवंत होती, तिच्यावरचं ते पान.

व्यवस्थापकाने रुमालाने हात पुसले. “बरं, गैरसमज झाला म्हणायचा.”

“म्हणायचा? आळ फलकावर लावलात ना? माफीही तिथेच लावा.”

दुपारी फलकावरची नोटीस उतरवली गेली, तिच्या जागी कागद आला: ‘विषय निकाली.’ ताई तो काढून थेट त्याच्या टेबलावर ठेवून आली. दुसरा आला: ‘तांत्रिक कारण.’ तोही टेबलावर गेला. तिसरा आला तेव्हा ती आत जाऊन त्याच्यासमोरच्या खुर्चीतच बसली. “माझा गुडघा दुखतोय. लिहून होईपर्यंत बसते.”

चौथ्या कागदावर लिहिलं होतं की माळीणबाई निर्दोष आहेत, चूक कंत्राटदाराची आणि व्यवस्थापनाची आहे, आणि दवाखाना त्यांची माफी मागतो. तो तिने दोनदा वाचला. राग मात्र तसूभरही उतरला नाही.

हिरवे फुटवे तिने एकेक करून गाठीलगत कापले, चढवलेली माती बुंध्यापासून दूर ओढली. पुढच्या वर्षी लाल काडीला दोन वितींची फांदी आली.

त्या वर्षी व्यवस्थापक पाहुण्यांना घेऊन चौकात आला. “हे आमचं दुर्मीळ झाड. फार जपलंय आम्ही.”

ताई पाण्याची नळी खाली टाकून उभी राहिली.

“कसं जपलं, ते तुम्ही सांगता का मी सांगू?”

पाहुणे तिच्याकडे वळले, आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं.