अर्धा दोर

दोरवाल्या आबांपुढे 'बरं आहे' म्हणायची सोय नव्हती. रिठद गावी त्यांच्या अंगणात कोणी आलं, की ते आधी विचारत, "कसं हाये?" समोरचा सवयीनं "बरं हाये" म्हणाला, की भडकलेच. "काहून खोटं बोलून राह्यला? बस तिथं!" आणि त्याच्या हातात अंबाडीचा वाख, म्हणजे सोललेल्या सालीचे धागे, कोंबत.

अंबाडीचा दोर एकट्यानं धड वळता येत नाही. एकानं बसून वाख पुरवायचा, दुसऱ्यानं पीळ देत मागं सरकायचं. दोघांचे डोळे दोरावर, त्यामुळे बोलणाऱ्याला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाप्या माणूस रडला, की लोक त्याला बायल्या म्हणायला मोकळे. आबांच्या अंगणात मात्र ऊन उतरलं, की पाच-सात बाप्ये जमत. कोणी मेलेल्या पोराचं बोले, कोणी "झोपच येत नाही" एवढं म्हणून थांबे. आबा शहाणपण शिकवत नसत. "मंग?" म्हणत आणि वाख पुढं करत.

माझं किराणा दुकान होतं. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि मी लगेच तागडी धरली. गिऱ्हाईक विचारायचं, मी 'बरं आहे' म्हणायचो. खरं सांगतो, जगावंसंच वाटत नव्हतं. आबा मीठ घ्यायला आले, माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शेठ, दुकान बंद कर. चाल." कितीतरी दिवस मी तिथं मुक्यानं पीळ देत राहिलो. एकदा नुसतं तिचं नाव तोंडात आलं आणि ढसाढसा रडलो. हातातला दोर सगळा उलगडला. "उलगडू दे," आबा म्हणाले, "पुन्ना वळू."

आबांची स्वतःची बोलायची पाळी मात्र कधी यायची नाही. ओसरीत खुंटीवर एक अर्धवट दोर लटकत असे. नव्या माणसानं तो काढायला हात नेला, की आबा ओरडत, "त्याले हात लावू नको!" त्यांच्या धाकट्या भावानं विहिरीत जीव दिला होता आणि तो दोर त्यानंच वळायला घेतलेला होता, एवढं गावाला ठाऊक होतं. उठताना आबांची नजर तिकडं जायची. मग आम्हीही काही न विचारता चपला शोधायचो.

पुढं आबांनी अंथरूण धरलं. आम्ही सगळे भोवती बसलो होतो.

"आबा, कसं हाये?" मी विचारलं.

"बरं हाये."

या वेळी कोणी चपला शोधायला उठलं नाही. मीच म्हणालो, "काहून खोटं बोलून राह्यले, आबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच म्हणाले, "तो दोर काढ, शेठ."

मी काढला. एक टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं. "त्यानं मले आवाज देल्ला व्हता. दादा, दोर वळाले ये. मले वावरात जायची घाई. मी म्हनलं, बरा हायेस ना? तो म्हने, बरं हाये."

"मंग?"

"मंग मी वावरात गेलो."

देवा रे! इतकी वर्षं हा माणूस आमचं सगळं ऐकत होता आणि हे एकटाच गिळून बसला होता.

"वळ, शेठ," ते रडत म्हणाले. मी पीळ द्यायला गेलो. पण वाख जुना, वाळून गेलेला. त्याचा भुगा हातात यायला लागला. आबा मात्र टोक सोडेनात.

ते गेले. दोर काही पुरा झाला नाही. उरलेला तुकडा आता माझ्या दुकानात खुंटीवर आहे. कोणी 'बरं आहे' म्हणालं, की माझी नजर आधी तिकडं जाते, आणि मी तागडी खाली ठेवतो.