मोहनाताईच्या अकरा टेस्ट

माझी मोठी बहीण मोहना हिने बडोद्यातल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं. मुलं कमी होत होत एका वर्गात सातच उरली, मग शाळा बंद झाली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ताई घरी बसली. बसली म्हणजे तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात तिने वासण्याच्या आपल्या सोसायटीतल्या सानवीला जिन्यात गाठलं.

"तुमच्या ऑफिसात माणसं दिवसभर करतात तरी काय गं?"

सानवी गोत्रीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. नऊ माणसं, दोन खोल्या, खाली टायरचं दुकान. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर जायला पास लागतो. तो पास छापायचा आणि गेटवरच्या यंत्राने तो ओळखायचा, हे सगळं सॉफ्टवेअर या मंडळींचं. "आम्हाला टेस्टिंगला माणूस हवंय," सानवी म्हणाली. "पण काकू, तुम्हाला ते..."

"पेपर तपासायचेत ना? मग झालं."

सहा महिने क्लास करून ताई खरंच त्या नोकरीत चिकटली. काम काय ते तिनेच मला समजावलं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक बारीक तुकड्यासाठी एक बारीकशी परीक्षा लिहून ठेवलेली असते, तिला म्हणायचं टेस्ट. कालचा पास दाखवला तर गेट उघडता कामा नये, ही एक टेस्ट. पाच वर्षांखालच्या मुलाला पासशिवाय सोडावं, ही दुसरी. अशा दोन हजार तीनशे. कोणी एक ओळ जरी बदलली, तरी टीमचा प्रमुख केयूर संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायचा आणि दोन हजार तीनशेच्या दोन हजार तीनशे टेस्ट चालू व्हायच्या. त्याला लागायची अडतीस मिनिटं. तेवढ्यात सगळे खाली जाऊन चहा नाहीतर सेवउसळ खाऊन यायचे. "टेस्ट लागल्यात" म्हणजे मधली सुट्टी.

ताईला हे पहिल्या दिवशीच खटकलं.

"केयूरभाई, एका मुलाचं एक गणित चुकलं म्हणून तुम्ही अख्ख्या शाळेची परीक्षा घेता?"

केयूर एकोणतीस वर्षांचा, गुजराती, स्वभावाने गोड. तो हसून म्हणाला, "सिस्टम छे, मोहनाबेन."

सिस्टम छे, एवढ्यावर ताईचं समाधान होणं शक्य नव्हतं. पुढच्या मधल्या सुट्टीत ती वरच थांबली. त्या आज्ञेपुढे मदत मागणारा शब्द लिहिला की तिचे सगळे पर्याय पडद्यावर येतात, हे क्लासमध्ये सांगितलं होतं. चार पानं आली. ताईने ती पेन्सिल घेऊन उतरवून काढली, आणि तिसऱ्या पानावर तिला -k सापडला. त्याच्यापुढे एखादा शब्द लिहायचा. ज्या टेस्टच्या नावात तो शब्द असेल, तेवढ्याच चालतात. बाकीच्या गप्प.

तिने हौसेने पहिला शब्द टाकला तो pass. दोन हजार एकशे नव्वद टेस्ट धावायला लागल्या, कारण त्या कंपनीत पासाशिवाय दुसरं होतंच काय! ताई एकटीच खो खो हसली. मग तिने लिहिलं gate. आता साठ आल्या, पण त्यांत गेटशी काडीचा संबंध नसलेल्याही होत्या. नीट पाहिलं तर navigate आणि aggregate या शब्दांच्या पोटात gate लपलेला. यंत्र बिचारं अक्षरं जुळवतं, अर्थ त्याला कुठला? पुन्हा पेन्सिलीच्या कागदाकडे. "आणि" चालतं, "किंवा" चालतं, "नाही" पण चालतं. ताईने लिहिलं:

pytest -k "gate and name and not navigate and not aggregate"

गेट हवं, गेटवर दिसणारं नाव हवं, बाकीचे दोन नकोत. अकरा टेस्ट. चार सेकंद.

मला फोन आला तेव्हा मी विमानतळाजवळ, हरणीला आमच्या घरी कपडे वाळत घालत होते. डोक्यावरून विमान उतरत होतं आणि फोनमध्ये ताई ओरडत होती.

"शर्वरी, चार सेकंद!"

"कोणाला काय झालं?"

"कोणाला काही नाही गं, अकराच धावल्या! मी हाक मारली तेवढ्याच आल्या!"

त्या आठवड्यात तिच्यापुढे दुसरा विषय नव्हता. उन्मेष भावोजी रिफायनरीतून शिफ्ट संपवून आले की ती त्यांना ताट वाढता वाढता एकेक पर्याय सांगायची. भावोजी मान डोलवायचे आणि आमटी मागायचे. ऑफिसात मात्र कोणी मनावर घेतलं नाही. केयूरचा मुद्दा सरळ होता. "मोहनाबेन, आपण अकराच चालवल्या आणि बाकीच्यांत कुठेतरी काही मोडलं असलं तर?"

"म्हणून सगळ्या शेवटी एकदा चालवायच्याच," ताई म्हणाली. "वार्षिक परीक्षा कोण चुकवतंय? पण रोजच्या रोज चाचणी नको?"

केयूर म्हणाला, बघू. आणि चहाला गेला.

मग नवरात्राचा पहिला दिवस उजाडला. दुपारी साडेतीनला ऑफिसात फोन वाजला. मैदानाच्या समितीतले सगळ्यांत ज्येष्ठ सभासद, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे प्रतापसिंहराव, गेट नीट चालतंय ना ते पाहायला मुद्दाम लवकर गेले होते. त्यांनी आपला पास यंत्राला दाखवला आणि यंत्र थिजलं. त्यांचं पूर्ण नाव प्रतापसिंहराव उदयसिंहराव खानविलकर. गेटवरच्या नाव दाखवणाऱ्या पाटीवर मावत होती एका वेळी अठरा चिन्हं, तीही काना-वेलांट्या आणि मोकळ्या जागा धरून.

"तुमच्या यंत्राला माझं नाव पेलत नाही," ते शुद्ध मराठीत केयूरला म्हणाले. "साडेसहाला लहान मुलांचा गरबा आहे. बाहेर पोरं खोळंबतील."

केयूरने तडक बसून दुरुस्ती केली. लांब नाव असेल तर अठरा-अठरा चिन्हांचे तुकडे करा आणि पाटीवर एकामागून एक दाखवा. सवयीने त्याने सगळ्या टेस्ट लावल्या. त्या दिवशी सेवउसळ कोणालाच जाणार नव्हती. सव्वाचारला पडद्यावर लाल अक्षरं आली. दुरुस्ती नापास. त्याने घाईघाईने एक ओळ बदलली आणि पुन्हा तीच आज्ञा टाइप करायला लागला.

"थांबा, केयूरभाई." ताईने सरळ कळफलकावर हात ठेवला. "अशा तीन वेळा केल्यात की साडेसहा वाजलेच. सरका."

इतकी वर्षं शिक्षिका राहिलेल्या बाईने सरका म्हटलं की माणूस सरकतो. केयूर खुर्चीसकट सरकला. ताईने आपली ती ओळ लिहिली. अकरा टेस्ट, चार सेकंद. नऊ हिरव्या, दोन लाल.

"आता बोला. काय म्हणतायत या दोघी?"

सगळे तिच्या खांद्यावरून वाकले. दोन्ही टेस्ट प्रतापसिंहरावांसारख्याच लांब नावांच्या होत्या. पहिला तुकडा ठीक होता. दुसऱ्या तुकड्याची सुरुवात मात्र निव्वळ वेलांटी आणि अनुस्वाराने होत होती. अक्षर नाही, नुसती वेलांटी! असा तुकडा मिळाला असता तर पाटी पुन्हा थिजली असती.

"अरे, तुम्ही उदयसिंहरावांचा सिं चिरलात," ताई म्हणाली. "स एका ओळीत आणि त्याची वेलांटी दुसरीत. पहिलीतल्या पोराने असं लिहिलं तर मी वही परत दिली असती. काना-मात्रा अक्षराला धरूनच जातात, मग गुजरातीत लिहा नाहीतर मराठीत."

केयूरने कपाळाला हात लावला आणि लिहायला घेतलं. बदल केला, चार सेकंद, एक लाल. पुन्हा बदल, चार सेकंद, आता तीन लाल. "अरे रे!" सगळे ओरडले. पुन्हा बदल. सानवीने गरब्यातल्यासारख्या तीन टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या खेपेपासून आज्ञा सुटली की अख्खं ऑफिस तीन टाळ्या वाजवायला लागलं. टाळ्या संपेपर्यंत उत्तर हजर. खालचा टायरवाला काय झालं म्हणून वर आला आणि तोही टाळ्यांत सामील झाला. केयूरला घाम फुटलेला, तरी हसू आवरत नव्हतं. आता नाव अक्षरावर नाही, दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेवरच तोडायचं, असं ताईने सुचवलं. म्हणजे वडिलांचं नाव अर्धं व्हायला नको. सातव्या खेपेला अकराच्या अकरा हिरव्या.

"हाश!" केयूर म्हणाला. "पाठवू?"

"मुळीच नाही," ताई म्हणाली. "आता वार्षिक परीक्षा."

पावणेपाचला सगळ्या टेस्ट लागल्या. पाच तेवीसला संपल्या, आणि दोन हजार तीनशेत एक लाल निघाली. पास छापणारा भाग तोच तुकडे करणारा कोड वापरत होता. आता कागदावरही नाव तीन ओळींत उतरत होतं आणि खालच्या, यंत्राने वाचायच्या चौकोनी खुणेवर चढत होतं. असा पास कोणतंही गेट ओळखणार नाही.

केयूर ताईकडे बघतच राहिला. "हे राहिलं असतं, मोहनाबेन."

"राहिलं नाही ना? मग रडू नका. आता हा दुसरा पर्याय बघा, मागच्या वेळी नापास झालेल्यांनाच परत बसवतो."

तिने --lf लिहिलं. एकच टेस्ट धावली. लाल. केयूरने छपाईला तुकड्यांच्या कोडपासून वेगळं केलं. पुन्हा --lf. हिरवी. साडेपाचला सगळ्या टेस्ट शेवटच्या लागल्या. त्या अडतीस मिनिटांत केयूरने भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत "आधी निवडक, शेवटी सगळ्या" असं लिहिलं, आणि आठही जणांना ताईची ती आज्ञा एकेकदा स्वतःच्या हाताने टाइप करायला लावली. एकाने not लिहायचं सोडलं, त्याला ताईने परत लिहायला लावलं. सहा वाजून आठ मिनिटांनी सगळं हिरवं झालं. दुरुस्ती मैदानावर गेली. सव्वासहाला प्रतापसिंहरावांचा फोन.

"आलं नाव," ते म्हणाले. आवाज जरा ओला होता. "तिन्ही शब्द पूर्ण. वडिलांचंही. पोरं आत सोडतोय."

ऑफिसात जो आरडाओरडा झाला तो मला ताईच्या फोनमधून ऐकू आला, कारण तोवर तिने मला फोन लावलाच होता. "साडेसातला मैदानावर ये," एवढंच म्हणाली. "पास पाठवलाय."

मी पोचले तेव्हा ती गेटपाशी उभी होती, ऑफिसच्याच कपड्यांत, फक्त ओढणी कमरेला खोचलेली. आधी मी आत गेले. मग तिने आपला पास यंत्राला दाखवला. पाटीवर आलं "मोहना उन्मेष", मग "चिटणीस". ताईने मोजलं. "एकोणीस चिन्हं, शर्वरी! माझंही नाव अडकलं असतं!" आणि काय मनात आलं कोण जाणे, ती सरळ मागे वळून बाहेर गेली आणि तोच पास परत दाखवला. लाल दिवा. गेट बंद. पाटीवर अक्षरं आली: आधीच आत.

"बेन, अंदर तो आप गई थीं," गेटवरचा माणूस गोंधळून म्हणाला.

ताई गेटच्या बाहेर टाळ्या पिटत उभी. "याचीही टेस्ट आहे! मी रोज चालवते ती! बरोबर अडवलं मला!"

मागे रांग लागली. मी आतून हातवारे करतेय, गेटवाला डोकं खाजवतोय, आणि ही हसून हसून गेटच्या दांड्याला धरून वाकलेली. शेवटी समितीच्या मांडवातून प्रतापसिंहराव काठी टेकत आले. बाहेर अडकलेली बाई कोण ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी बाजूचं समितीचं दार स्वतः उघडलं आणि ताईला वाकून नमस्कार केला. तिनेही वाकून नमस्कार केला. मग ढोलाची लय बदलली, तिने चपला माझ्या हातात कोंबल्या आणि गोलात पळाली.