बाऊन्सिंग भाचा

माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण धुळ्याला, आमच्या घरी झालं. जर्मनीशी दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. मी नुकतीच लग्न होऊन जळगावहून आलेली. थोडं इंग्रजी शिकलेली सून म्हणून माझ्याकडे अर्धं कौतुकानं नि अर्धं संशयानं पाहिलं जाई.

बाळंतपण अडलं तेव्हा गोऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दुपारपर्यंत सगळं सुखरूप पार पडलं. बाईंना घाई होती. जाता जाता त्यांनी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इंग्रजीत सांगितलं की मुलगा ‘बाऊन्सिंग’ आहे. आबांनी मान डोलावून थँक्यू म्हटलं. टांगा दिसेनासा झाला तशी त्यांची मान डोलायची थांबली.

आबा कोर्टात शिरस्तेदार. साहेबलोकांच्या टेनिसच्या मैदानावरून जाता-येता हा शब्द त्यांच्या कानी पडलेला. बाऊन्स म्हणजे चेंडू आपटून उसळतो तो. पण मग मूल कुठं आपटलं? माझे यजमान कापसाच्या पेढीत होते. तिथं बाऊन्स व्हायचा तो चेक, न वटता परत यायचा. हे त्यांनी सांगितलं मात्र, सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट ओट्यावर जाऊन बसले. मग पाळी माझी. आमच्या शाळेत फुशारक्या मारणाऱ्या मुलीला बाई हाच शब्द वापरत, तेवढं मी सांगितलं. नुकतं जन्मलेलं पोर कसल्या फुशारक्या मारणार? माझं इंग्रजीही तिथंच संपलं.

सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्या पिंपळनेरकडच्या, बोलणं अहिराणी. त्या हळूच म्हणाल्या, “उसळस म्हणजे पोरले झटका येतस का?”

त्यांचं एक मूल झटक्यांनीच गेलं होतं. आतून नणंदेनं ते ऐकलं आणि ती रडू लागली. बाळ झोपेत जरा दचकलं की तिचा जीव खालीवर होई.

संध्याकाळी आबा स्वतः जाऊन बाईंना घेऊन आले. बाईंनी बाळाला नखशिखांत तपासलं. काहीच सापडेना, आणि का बोलावलं ते कुणी सांगेना, तेव्हा त्याच घाबरल्या. शेवटी आबांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, “मॅडम, मुलगा बाऊन्सिंग आहे, म्हणजे त्याला नक्की काय झालंय?”

बाई खाटेच्या कडेला बसून खूप हसल्या आणि मराठी शब्द शोधत म्हणाल्या, “गुटगुटीत. मुलगा गुटगुटीत आहे.”

नणंद रडता रडता हसायला लागली. अक्का स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले, तर पाठमोऱ्या उभ्या होत्या, पदर डोळ्यांना.

बाहेर बाई आपली फजिती सांगत होत्या. एका आजाऱ्याची बहीण म्हणाली, भावाचा चेहरा फार उतरलाय. बाईंना फक्त ताप उतरतो एवढंच ठाऊक, म्हणून त्यांनी तिचं अभिनंदन केलं होतं. आबांना तर विषयच मिळाला. पाहुणा उतरतो, नदीचं पाणी उतरतं, नशा उतरते, असं त्यांनी सुरू केलं. बाई बिचाऱ्या मान हलवत राहिल्या.

बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांपैकी एक अक्कांनी बशीत घालून पाठवला. बाईंनी तो चाटूनपुसून संपवला. दारामागून बघत असलेल्या अक्का मला म्हणाल्या, “बाई चांगली शे, पन दुबळी शे. आखो एक लाडू दे तिले.”