वजनकाटा आणि सोनेरी खुर्च्या

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बसण्याचा पगार घेत. थट्टा नाही. जुन्या सामानाच्या लिलावघरात ते हमाल म्हणून लागले, पण अंगाने असे भरदार की थोरल्या मालकांनी त्यांना वेगळंच काम दिलं. कुठलीही खुर्ची बोलीला आली की आधी भाऊजी सगळ्यांसमोर तिच्यावर बसणार. कुरकुरली नाही, तर माल पक्का. गिऱ्हाइकं त्यांना वजनकाटा म्हणत आणि त्यांच्या बसण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

ताईला या नोकरीचा भारी वैताग. "यांचं पोट कमी करावं, तर आपली चूल बंद व्हायची," असं म्हणून ती कपाळावर हात मारी आणि त्यांच्या ताटात आणखी वाढे.

थोरले मालक गेले, धाकटे गादीवर आले. त्यांना ही पद्धत गावंढळ वाटे. त्यातच एका बंगल्यातून दोन जुन्या इंग्लिश खुर्च्या विकायला आल्या. हातांवर, पाठीवर कोरीव पानं आणि सगळ्या लाकडावर सोन्याचा मुलामा. धाकटे मालक म्हणाले, "काका, यांच्यावर बसायचं नाही. आणि हे बसणंही आता पुरे. पुढच्या महिन्यापासून घरी आराम करा."

त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. ताई घाबरली, कारण लग्नानंतर असं कधी घडलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी लिलाव होता, तेव्हा तिने मला त्यांच्या मागे धाडलं.

हॉल भरलेला होता. पुकारणाऱ्याने पहिल्या खुर्चीची बोली मागितली, तर कुणी हूं की चूं करेना. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या फर्निचरवाल्याने विचारलं, "वजनकाटा का बसला नाही?"

"पायात कीड असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

झालं. कीड साऱ्या हॉलभर पसरली. धाकट्या मालकांचा चेहरा उतरला. गरजवंताला अक्कल नसते. शेवटी त्यांनीच भाऊजींना पुढे बोलावलं. "बसा. पण जरा अलगद."

अलगद बसणं भाऊजींना कधी जमलंच नव्हतं. ते नेहमीसारखे बसले, चांगले रेलून. खुर्चीने हुंकारही दिला नाही. भराभर बोली चढू लागली. भाऊजींची छाती फुगली. नोकरी वाचली, असं मलाही वाटलं.

मग त्यांनी घाम पुसायला हात उचलला, तर तळहात सोनेरी. खुर्च्या चमकाव्यात म्हणून मालकांनी आदल्या दिवशी त्यांना बाजारातला रंग फासला होता आणि तो अजून ओला होता. बसू नका म्हणण्याचं खरं कारण हे. मालकांनी डोळ्यांनीच विनवलं, हलू नका. हातोडा पडेपर्यंत भाऊजी मूठ मिटून बसले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता आणि मालक जन्मभर मिंधे राहिले असते. मीही मनात म्हणत होतो, बसा हो भाऊजी, तुम्हाला काय करायचंय?

भाऊजी उठले. चिकटलेला सदरा सुटताना चर्र असा आवाज झाला. ते हॉलकडे पाठ करून उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर कोरीव पानं जशीच्या तशी उठली होती.

"लाकूड पक्कं आहे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "रंग कालचा आहे."

हॉलमध्ये जी खसखस पिकली, ती थांबेना. हसला नाही तो फक्त म्हातारा फर्निचरवाला. "माझी बोली कायम," तो म्हणाला. "रंग काय, खरवडता येतो. हा माणूस बसून राहिला असता, तर उद्यापासून मी कुणाच्या भरवशावर माल घेतला असता?"

मग धाकट्या मालकांनी स्वतःच दुसरी खुर्ची ओढून आणली. त्यांचेही हात सोनेरी झाले.

"काका, बसा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यातही बसा."

भाऊजींचे डोळे भरून आले. मला तर त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

"बसतो," ते म्हणाले, "पण आधी वाळू दे."