सम की विषम

झिना काकू बाजारात फुलं विकायला बसल्या की भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारायच्या, "जिवंताला की गेलेल्याला?" आमच्याकडे हे विचारावंच लागतं. जिवंत माणसाला द्यायची फुलं विषम, तीन, पाच, सात. थडग्यावर वाहायची ती सम. कुणाच्या वाढदिवसाला चुकून चार नेली, तर त्या घरची बाई त्यातलं एक मुकाट्याने बाजूला काढते आणि पुढचं वर्षभर तुमच्याकडे वाकड्या नजरेने बघते. काकू हा प्रश्न इतक्या सहज विचारायच्या, की तो कुणाला अभद्र वाटत नसे. चहात साखर किती, असं विचारावं तसा.

फुलं हा काही त्यांचा मूळचा धंदा नाही. आमचं वेर्बोवे गाव जवसाचं. सामूहिक शेतीच्या काळात इथे जवसाचे देठ तळ्यात भिजवायचे, कुटायचे, विंचरायचे आणि त्यांचा धागा काढायचा. काकू शाळेतून सरळ तिथेच गेल्या. तळ्याकाठचा तो कुजकट वास आपल्या केसांतून लग्नानंतरही गेला नाही, असं त्या सांगत. मग देशच बदलला, सामूहिक शेती मोडली, यंत्रं भंगारात गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचा एकेक तुकडा आला. एवढ्याशा तुकड्यात एकट्याने काय करायचं हे कुणालाच कळेना, म्हणून सगळ्यांनी तो एका कंपनीला खंडाने दिला. तेव्हापासून गावाभोवती मकाच मका आहे आणि शरद आला की खंडापोटी दारात धान्याची, साखरेची पोती येऊन पडतात. सामूहिक शेतीची वाटणी झाली तेव्हा लोकांनी गायी मागितल्या, डुकरं मागितली. काकूंनी रोपवाटिकेचे गंजलेले लोखंडी पाइप मागितले. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणाला, हिला पाइपातून दूध काढायचंय वाटतं. पण त्याच पाइपांवर प्लास्टिक ताणून काकूंनी ट्यूलिप लावले. आठ मार्चला, बायकांच्या सणाला, अख्ख्या तालुक्याला फुलं लागतात. नवरा छातीच्या दुखण्याने लवकर गेला. ट्यूलिपांनी एकुलत्या मुलाला, देम्यानला, शिकवलं आणि त्याचं लग्नही लावून दिलं.

शत्रूचे रणगाडे आले त्या वर्षी फुलं अगदी तयार होती. देस्ना नदीवरचा पूल उडवलेला, वीज गेलेली, गाव महिनाभर तळघरांत. दुधाची गाडी यायची बंद झाली, तेव्हा ज्यांच्याकडे गायी होत्या त्यांनी बादल्या फाटकाशी ठेवल्या. ज्याला हवं त्याने न्यावं. बंद पडलेल्या जुन्या चुली पेटल्या आणि ज्या गल्लीत पीठ असेल त्या गल्लीत भाकरी भाजल्या जाऊ लागल्या. स्फोटांनी घराघरांच्या काचा फुटल्या होत्या आणि बाहेर बर्फ होतं. आठ मार्चला सकाळी काकूंनी आपलं प्लास्टिक पाइपांवरून उतरवलं, कात्रीने खिडक्यांच्या मापाचे तुकडे केले आणि घरोघर वाटले. प्लास्टिक गेलं म्हणजे फुलं रात्री गोठणारच. मग तीही वाटली. दर तुकड्याबरोबर तीन ट्यूलिप. दोन घरांत त्यांनी चार-चार दिली, कारण त्या दोन घरांत आदल्या आठवड्यात माणसं गेली होती. एवढ्या गडबडीतही त्यांचा हात चुकला नाही. गावात अजून हे कौतुकाने सांगतात.

देम्यान तेव्हा सैन्यात, जवळच्या चेर्निहिव शहराच्या राखणीला होता. आमची बाजू मोकळी झाल्यावर तो पूर्वेकडच्या आघाडीवर गेला आणि त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला तिथल्या बाख्मुतकडून कळलं, बेपत्ता. मेला असं नाही, पकडला असंही नाही. त्याच्या तुकडीतला एकजण म्हणाला, धूर होता, मग तो दिसला नाही. इतकंच. त्याची बायको इन्ना तळ्याजवळच्या त्यांच्या नव्या घरात एकटी राहू लागली. दर रविवारी ती शहरातल्या चौकात त्याचा फोटो हातात धरून उभी राहायची. तिथे अशा बायकांची मोठी रांग असते. काकू जात नसत, पण इन्ना परतली की तिच्यासाठी बीटरूटचं सूप गरम करून ठेवत. इन्ना त्यांना आई म्हणायची. दोघी देम्यानबद्दल वर्तमानकाळात बोलायच्या. त्याला सूपात लसूण आवडतो. तो घोरतो.

यंदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात, कबरस्तानात जाण्याच्या दिवसांत, बाजारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. सकाळपासून प्रत्येकजण थडग्यासाठीच फुलं मागत होता. काकू खाली मान घालून बादलीतून दोन-दोन उचलत होत्या. रांगेतून घसा बसलेल्या आवाजात कुणीतरी लाल ट्यूलिप मागितले. काकूंनी विचारलं, "जिवंताला की गेलेल्याला?" मग त्यांनी वर पाहिलं. समोर इन्ना होती. त्या दिवशी देम्यानचा वाढदिवस होता. आणि काकूंच्या हातात चार फुलं आधीच आली होती.

इन्नाने त्या हाताकडे बघितलं. "तुमच्या हातालाच विचारा, झिनाइदा पाव्हलिव्ना," ती म्हणाली आणि फुलं न घेता निघून गेली.

आमच्याकडे परक्या, मोठ्या माणसाला नाव आणि बापाचं नाव घेऊन बोलावतात. सासूला नाही. गावाला बातमी पोचायला संध्याकाळ लागली नाही.

काकू दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सात लाल ट्यूलिप निवडले, लोकरीच्या दोऱ्याने बांधले आणि पेन्शन वाटायला निघालेल्या फ्रोस्याच्या सायकलीला लावून दिले. फ्रोस्या गावची पोस्टवाली, काकूंची शाळेपासूनची मैत्रीण. तासाभराने ती तीच जुडी घेऊन परत आली. इन्नाने परत पाठवली होती. काकूंनी मोजली. सहा.

"माझ्याकडे अशी बघू नकोस गं," फ्रोस्या म्हणाली. "मी काही शेळी नाही फुलं खायला."

मग हे झालं कसं, ते काकूंनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. तिने सांगितलं ते असं: इन्नाने दार उघडलं, जुडी घेतली, आत गेली. फ्रोस्या बाहेर कुत्र्याला चप्पल दाखवत होती. इन्ना बाहेर आली, जुडी परत दिली, काही बोलली नाही. मग फ्रोस्या तळ्याच्या वाटेने आली. तिथे रणगाड्यांनी उखडलेला रस्ता अजून तसाच आहे. सायकल उडत होती, दोराही सैल झाला होता.

म्हणजे फूल वाटेत पडलं असेल, किंवा इन्नाने काढलं असेल. आणि काढलं असेल, तर एक स्वतःला ठेवून घेतलं, की जुडी सम करून सासूच्या अंगावर टाकली? काकू त्याच दुपारी तळ्याच्या वाटेने खाली बघत चालत गेल्या. रस्त्याखालच्या मोरीपाशी त्यांना एक लाल पाकळी सापडली. पण अर्ध्या गावाच्या अंगणात त्यांच्याच कंदांचे लाल ट्यूलिप आहेत. पाकळी कुणाची म्हणायची? ती त्यांनी एप्रनच्या खिशात ठेवली, घरी येऊन काढून पाहिली, पुन्हा ठेवली.

दुकानात तर दोन पक्षच पडले. दुकानदारीण म्हणायची, इन्नाने मुद्दाम सम केली, हा सरळ अपमान आहे. सरपंच क्लिम म्हणायचे, फुलं पडतात, त्यात एवढं काय, देठ ओला असला की निसटतोच. एका म्हातारीने विचारलं, तुटलेल्या देठाचं फूल मोजायचं की नाही? त्यावर लोक इतके गुंतले, की पाव घ्यायचे विसरले. काकू मात्र कुणाच्याच बाजूला जात नव्हत्या. इन्नाने अपमान केला असं ऐकलं की त्या तिची बाजू घ्यायच्या आणि फूल पडलं असेल असं ऐकलं की म्हणायच्या, मी बांधलेली जुडी सुटत नाही.

बुधवारी फ्रोस्याने सांगितलं, की इन्ना उद्याच्या गाडीने पोलंडला चालली आहे, स्ट्रॉबेरी तोडायला. बरोबर मोठी बॅग आहे. काकूंनी हातातला गवताचा भारा तिथेच टाकला आणि तळ्याची वाट धरली. इन्ना अशी गेली, तर देम्यान आहे असं धरून बोलायला गावात दुसरं कुणीही नव्हतं.

इन्नाने दार उघडलं आणि आधी त्यांचे हात बघितले. रिकामे होते.

"फुलं नाही आणलीत?"

"किती आणावीत, कळेना."

इन्नाने त्यांना आत घेतलं, स्टूल पुढे सरकवलं. बॅग दारापाशी भरून तयार होती. किटली उकळून बंद झाली, ती कुणी उचलली नाही. मग काकूंनी विचारलं, ते एक फूल पडलं का?

"मी काढलं," इन्ना म्हणाली. "तुम्हाला झोंबावं म्हणून काढलं. सहा करायला. सहा झाली आणि माझ्या हातात एक राहिलं. एक म्हणजे विषमच ना? ते टाकवेना. पाण्यात ठेवलं." तिने खिडकीकडे हात केला. ग्लासात नुसता देठ उरला होता, पाकळ्या खाली ओट्यावर. "आता तुम्हीच सांगा मी काय केलं. मला नाही कळत."

काकूंनी देठाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हात चुकला, मन नाही, असं सांगायला आले होते. सगळ्या वाटेने तेच घोकत आले. पण ते खरं आहे का, मला माहीत नाही गं. सकाळी उठते तेव्हा वाटतं, तो नाही. दुपारपर्यंत पुन्हा असतो."

"माझं उलटं आहे," इन्ना म्हणाली. "माझ्याकडे सकाळी असतो."

काकूंना यावर हसू आलं. हसण्यासारखं ते काही नव्हतं, पण आलं. इन्ना हसली नाही. तिने डोळे पुसले, तेही रडली नसताना, आणि खिशातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. देम्यानच्या नंबरवर दर महिन्याला थोडे पैसे टाकावे लागतात, तिने सांगितलं. नाहीतर तो नंबर बंद होतो आणि कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. दीड वर्ष ती टाकत आली होती. तिकडे गेल्यावर तिचा नंबर बदलणार, इथलं बँकेचं कार्ड तिकडे चालेल की नाही कुणी सांगत नाही. म्हणून हा फोन ती इथेच ठेवून जाणार होती.

"जमेल तुम्हाला?"

"त्याला फोन लावला तर काय होतं?"

"बंद आहे असं सांगते एक बाई. दर वेळी तेच."

"मग मी लावणार नाही." जरा थांबून काकू म्हणाल्या, "एखाद्या वेळी लावीन."

"लावा."

इन्नाने त्यांना दाखवलं. इथे दाबा, मग इथे, मग हा आकडा. काकूंनी बोट टेकवलं. काहीच झालं नाही. इतकी वर्षं मातीत गेलेलं बोट, त्याची कातडी सालीसारखी झाली होती, काचेला ते कळत नव्हतं. त्यांनी ते एप्रनला पुसलं, फुंकर मारली, पुन्हा दाबलं. मग दुसरं बोट. इन्ना शेजारी स्टूल ओढून बसली. ती त्यांना ना आई म्हणत होती ना झिनाइदा पाव्हलिव्ना, नुसतीच "इथे" आणि "असं नाही, हळू" म्हणत होती. शेवटी तिने काकूंची करंगळी धरली, ती जरा मऊ होती, आणि काचेवर टेकवली. पडदा उजळला. देम्यानचं नाव वर आलं, खाली पैशाचा आकडा लिहायचा रिकामा चौकोन.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता तुम्ही करा. मी बघते."