कपाळावरचं पाणी

माझ्या धाकट्या भावाच्या कपाळावरून पाण्याचा एक थेंब ओघळून कानाशी थांबला होता आणि त्याच्यावर वाकलेल्या फिलू आंटीचे ओठ हलत होते… पाळी गावातल्या आमच्या खोलीचं हे एवढंच चित्र माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. बाहेर वैशाखाचं ऊन, खनिजाच्या ट्रकांची घरघर, दाराच्या फटीतून आत शिरणारी तांबडी धूळ. आत तापाचा आंबूस वास आणि त्यात मिसळलेला आंटीच्या कपड्यांचा, मेणाचा आणि साबणाचा.

आम्ही सावंतवाडीकडचे. बाबा खाणीवर ट्रक चालवत म्हणून इथे येऊन राहिलेलो. फिलू आंटी शेजारची, एकटी राहणारी विधवा. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून आला की ती आमच्यासाठीही गरम उंडे घेऊन ठेवी, आणि त्या पावांच्या खरपूस वासानेच मला जाग येई. त्या दुपारी दत्तूला तापात झटके आले, डोळे पांढरे झाले. आईने त्याला आंटीच्या मांडीवर टाकलं आणि गाडी थांबवायला ती अनवाणी रस्त्याकडे धावली. मी दाराला चिकटून उभी होते. तेवढ्यात गावातच राहणारी आमची काकी आली, आणि तिने पाहिलं ते आंटीचं ओल्या बोटांनी स्वतःच्या कपाळावरून छातीकडे, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे खूण करणं.

डिचोलीच्या दवाखान्यात दत्तू वाचला. तो घरी आला त्याच संध्याकाळी काकी आईच्या कानाशी लागली, आणि आईच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्यादेखत विझला.

आई तशीच उठून शेजारी गेली. मी मागोमाग.

"फिलूबाय, खरां सांग. माझ्या झिलाक बाटयलंस?"

आंटी कपडे घडी घालत होती. हातातलं पातळ तिने बाजूला ठेवलं.

"नाय गे. ताप उतरूचो म्हणान पाणी लायलंय. तोंडान सायबिणीची, आमच्या देवाच्या आवयची, प्रार्थना म्हणा होतंय."

"मगे खूण केलंस ती?"

"ती माझ्या आंगार केलंय. देवबाप, तेचो पूत आणि पवित्र आत्मो… तेंचा नाव घेतलंय. माका भय वाटला म्हणान." मग ती म्हणाली, "खोटा कित्याक सांगू? मनात इला होता माझ्या. मरूक टेकलेल्या पोराक बाप्तिस्मा कोणीव देव शकता, पाद्री व्हयोच असा नाय. कपाळार तीन वेळा पाणी घालूचा आणि तीच नावां घेवची. जल्माबरोबर इलेला पाप धुवान जाता, पोर देवाच्या घरचा होता, असा आमी मानतो. पण घातलंय नाय. आवय-बापाशीक विचारल्याबिगर कसा घालू?"

आईने विचारलं, "आणि घातला असता, तर पुसता येता?"

आंटीने मान हलवली. "नाय. एकदाच देतत. ता कधी पुसना नाय."

हे प्रामाणिक उत्तरच आईच्या काळजात रुतलं. आंटीने भिंतीवरच्या क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली, पण आई परत येताना पुटपुटत होती, देव तिचो, शपथ तिची, आमका काय तेचा!

उंडे बंद झाले. आईने भटजींकडून शांत करून घेतली, दत्तूच्या अंगावर गोमूत्र शिंपडलं, आणि तरी तिचं समाधान झालं नाही. दूरच्या इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, सांजेची घंटा ऐकू आली की ती हातातलं काम टाकून दत्तूकडे बघे, आणि तिच्यामुळे मीही. तो मान वळवी. मग ट्रकचा भोंगा वाजला की तिकडेही वळवी, मांजराकडेही वळवी… पण आईने लक्षात ठेवली ती फक्त घंटा.

मी मात्र चोरून आंटीकडे जात राहिले, मनात धाकधूक घेऊन. मिसेच्या प्रार्थनेला पाद्री हातात धरतो ती पातळ पांढरी चकती मलाही खाऊ घालील की काय, अशी मला भीती होती. एकदा विचारलंच. आंटी हसली. "ती तुका मागून पण मेळाची नाय गे! ता आमच्या देवाचा आंग. बाप्तिस्मा व्हयो, शिकूक व्हया, केलेली पापां पाद्रीच्या कानात सांगूक व्हयी, मगेच." मला हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही.

पुढे खाण थांबली. आम्ही म्हापशाला आलो. दत्तू मोठा झाला, लग्न झालं, दर सोमवारी शंकराच्या देवळात जातो.

गेल्या महिन्यात आंटी गेल्याचा पाळीहून काकीचा फोन आला. आई डोळे पुसत म्हणाली, "तिना खरांच सांगल्यान आसतला मां गो?"

"होय गे आई. खोटा बोलूचा असता, तर मनात इला म्हणान कित्याक सांगल्यान असता?"

"तू दारात होतंस. काय म्हणा होती ती, तू आयकलंस?"

"नाय. ट्रकांच्या आवाजात काय्येक आयकाक येय नव्हता."

ते खरंच होतं. पण आई माझ्याकडे बघतच राहिली… पाळीत असताना ती फिलू आंटीकडे बघायची, तशाच संशयाने.