आधी बोटं

कुणीही कंबर धरून, वाकडा होत तिच्या दारात आला की ती त्याच्या कंबरेकडे बघायचीच नाही. पायांकडे बघायची. "पाठ मग बगू. आधी बोटं दाव," म्हणायची. पाटील आले तरी तेच. "पाटील, जोडे काढा. आधी बोटं."

राणीसावरगावात सगळे तिला मावशी म्हणत. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण निघते, हे आपल्याकडे कोण मानत नाही? पायाळूला गुप्तधन दिसतं असंही म्हणतात. मावशीच्या अंगणात गुप्तधन सोडा, दुसरं लुगडं वाळत घातलेलंही मी कधी पाहिलं नाही. पण उसणीचं मात्र खरं होतं. आलेल्याला घोंगडीवर पालथं निजवून ती डावी टाच कंबरेवर तीनदा दाबायची आणि मग त्याच पाठीला वाकून हात जोडायची. "पाय लागला, माफी असावी." गावातली भलीभली माणसं अशी तिच्या पायाखालून गेली होती आणि ताठ होऊन घरी परतली होती.

मी या भानगडीत पडणार नव्हतो. निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती, शाळा उर्दूतून मराठीत आली होती आणि मी चोवीस वर्षांचा, चार बुकं शिकलेला नवा मास्तर होतो. टाच लावून दुखणं घालवणाऱ्यांची वर्गात टिंगल करायचो. मग एक दिवस नव्या पुस्तकांना जागा करायला जुन्या उर्दू पुस्तकांची लोखंडी पेटी एकट्यानं उचलली आणि कंबरेत कट्‌कन आवाज झाला. "निजाम गेला, पण जाताना गुर्जींची कंबर घेऊन गेला," असं गाव म्हणू लागलं.

आठ दिवस हट्टानं पडून राहिलो. नवव्या दिवशी कसाबसा भिंत धरून परसात जाऊन आलो, तर डाव्या पायातली वहाण वाटेत कुठे निसटली ते मला कळलंच नव्हतं. तेव्हा मात्र पाचावर धारण बसली. हेडमास्तरांनी चार माणसं बोलावली आणि मला बाजेवर घालून मावशीच्या दारात नेलं.

"डोळे मिटा, गुर्जी." कडब्याची काडी घेऊन ती माझ्या पायांशी बसली. "कंचं बोट?"

"अंगठा."

"आता?"

"मधलं."

"आता?"

"त्याच्या शेजारचं." उत्तर येत नसलं की माझी पोरं ठोकून द्यायची, तसंच मी ठोकून देत होतो.

"गुर्जी, मी मघापासनं करंगळीलाच काडी लावायलीय," मावशी हळूच म्हणाली. मग तिनं चारचौघांत मला विचारलं, "लघवी साफ होती का?"

लग्न न झालेल्या मास्तरची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजून घ्या. "कालपासून अडकतेय," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

ती उठून दोन पावलं मागे सरली. "ह्या पाठीला माझा पाय लागायचा न्हाई. हैदराबादला न्या. आजच."

हेडमास्तर म्हणाले, "मावशी, एकदा टाच लावून तर बघ. मग नेऊच की."

"न्हाई."

कुणीतरी म्हणालं, पालमला एक पायाळू पैलवान आहे, त्याची लाथ लय गुणाची, आणि पालम जवळ पडतं. मावशी एवढी मोठ्यानं बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती. "पालमच्या रस्त्याला बैल वळले तर चाक माझ्या अंगावरनं न्यावं लागंल!" आणि तिनं स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. मला मऊ बाजेवरून नाही, सपाट फळीवरून न्यायचं, असा तिचा हुकूम होता.

दार निघालं तेव्हा आत बाजेवर निजलेला एक माणूस दिसला. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. ते तिचे मालक, एवढंच मला तेव्हा कळलं.

गाडीत खाली कडबा, वर ते दार, त्यावर मी. घर शेजारणीवर सोपवून मावशी गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत सोबत आली. रस्ता कसला होता ते विचारू नका. पण एवढ्या धक्क्यांतही तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली घट्ट आवळून धरले होते. आपला पाय चुकूनसुद्धा माझ्या पाठीला लागू नये म्हणून.

हैदराबादचे डॉक्टर मणक्यांचे आणि नसांचे मोठे जाणकार. पांढरी दाढी, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी मला उताणं झोपवलं, हातात पीस घेतलं आणि म्हणाले, "आँखें बंद कीजिए. कौनसी उंगली?" मला एवढ्या दुखण्यात हसू फुटलं. का हसतोस म्हणाले, म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी पीस खाली ठेवलं. "इस पीठ पे कोई पाँव रख देता तो दोनों टाँगें जातीं. उस खातून को मेरा सलाम बोलना."

ऑपरेशन झालं. अडीच महिने पडून होतो आणि छताकडे बघत एकच विचार करायचो, की विद्या म्हणतात ती हीच असेल तर आपण आजवर काय शिकलो?

चालत गावी आलो आणि थेट तिच्या दारात गेलो. डॉक्टरांचा सलाम सांगितला. तिला त्याचं काही नव्हतं. "आधी बोटं दावा." मी डोळे मिटले. पाचही बोटं बरोबर ओळखली. डोळे उघडले तर ती पदरानं तोंड पुसत होती. मी पाया पडायला वाकलो, तशी ती चटका बसल्यासारखी मागे सरली.

"ह्या पायाला हात लावू नगा, गुर्जी."

मग तिनं सांगितलं. लग्नाला वर्ष झालं होतं. सरकीचं पोतं उचलताना मालकांची कंबर धरली. घरात पायाळू सून असताना बाहेर कशाला जायचं, सासू म्हणाली. मालकही हसत पालथे झाले. "पायाला मुंग्या यायल्यात म्हणले होते. दोन दिस म्हणत होते. कुणी ध्यान दिलं न्हाई, म्या बी न्हाई. चांगला जोर लावून टाच दिली. ते उठलेच न्हाईत."

ते आत, बाजेवर होते. वीस वर्षं. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम तिनं होऊ दिली नव्हती. रोज सकाळी ती काडी घेऊन त्यांच्या पायांशी बसायची. कंचं बोट? ते काहीतरी सांगायचे. ती कधी खोटं बोलली नाही. "न्हाई. उद्या बगू," म्हणायची आणि चुलीकडे वळायची. मी खूप मोठी माणसं पाहिली, पण स्वतःच्या चुकीसमोर रोज अशी जाऊन बसणारी तीच एक.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी परभणीला होतो. मावशी गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. गेलो तेव्हा दार उघडंच होतं. आत बाजेवर काका, म्हणजे मावशीचे मालक, एकटे होते, शेजारीण भाकरी करून गेली होती.

"गुर्जी, चालत आलात?"

"हो, काका. एस.टी.पासून चालतच."

"मग माझे पाय वाया न्हाई गेले," ते म्हणाले.

मग त्यांनी उशाखालून काडी काढून माझ्यापुढे धरली. "ती गेल्यापासनं कुणी इचारलं न्हाई." आणि डोळे मिटले.

मी त्यांच्या पायांशी बसलो. काडी करंगळीला लावली. "कंचं बोट, काका?"

"अंगठा."

बरोबर, म्हणावंसं फार वाटलं. पण त्या घरात ते कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"न्हाई, काका."

"उद्या बगू," डोळे न उघडता ते म्हणाले.

त्या दिवशीची परतीची एस.टी. मी सोडून दिली.